हजारी मजुरी आणि छापील किंमत

म्हैसूर विद्यापीठाचं मानसगंगोत्री आवार मागे टाकून पश्चिमेला निघालं की बोगादी लागतं. पुढे हाच रस्ता गद्दिगेकडे जातो. बोगादीला काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होती. मग म्हैसूर वाढत गेलं, रिंग रोड झाला, शेतांचे लेआउट पडले आणि गावाला नगरपंचायत मिळाली. विद्यापीठ, भारतीय भाषा संस्था, वाक्-श्रवण संस्था या मोठ्या संस्था शेजारीच आहेत. अशा वस्तीत कोणते धंदे उभे राहतात, हे पुण्याच्या धायरीत किंवा नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर राहणाऱ्या वाचकाला सांगायला नको. जेवणाचे डबे, वाढदिवसाचे केक, ब्लाउजचं शिवणकाम, घरी दळलेली चटणीपूड आणि सांबार मसाला. भांडवल म्हणजे बहुधा घरातलीच शिल्लक. माल चांगला असतो, गिऱ्हाईकही मिळतं. पण शेजारच्या लेआउटमधल्या माणसाला हा माल कुणाचा, हे माहीत नसतं आणि त्याला ते कळावं यासाठी खर्च करायला हातात फार थोडं असतं.

थोडक्या पैशांत स्वतःची ओळख कशी उभी करायची, या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत स्वच्छ उत्तर याच शहरात १९४८ साली दिलं गेलं. ते उत्तर महाराष्ट्रातल्या लाखो देवघरांतही रोज पेटतं. सायकल छाप अगरबत्ती.

एन. रंगाराव यांचे वडील ते लहान असतानाच गेले. पुढे काही काळ निलगिरीत नोकरी करून ते म्हैसूरला परतले आणि १९४८ मध्ये त्यांनी घरातूनच अगरबत्तीचा व्यवसाय सुरू केला. कारखाना नव्हता आणि मोठं भांडवलही नव्हतं. अगरबत्तीच्या धंद्याला ते लागतही नव्हतं, आणि तीच या धंद्याची सोय होती, तीच अडचण. लाकडी कोळशाची पूड, जिगट नावाची झाडाच्या सालीची चिकट पूड, पाणी आणि बांबूची काडी एवढ्यावर कच्ची बत्ती तयार होते. पाटावर मळलेला गोळा घेऊन काडीवर तळहातानं वळायचा, वाळवायचा. हे काम कुणीही शिकू शकतं, म्हणून ते कुणीही करत होतं. म्हैसूर आणि बंगळूरच्या परिसरात हजारो घरांतून बायका कच्च्या बत्त्या वळत आल्या. त्यांचा हिशेब हजारावर होतो: हजार काड्या वळल्या की ठरलेली मजुरी. कच्ची काडी या घरची आणि त्या घरची ओळखू येत नाही. जिच्यावर खूण नाही, तिची किंमत विकणाऱ्याला ठरवता येत नाही. ती घेणारा ठरवतो.

ही कच्ची काडी सुगंधी मिश्रणात बुडवली, पुडक्यात भरली आणि पुडक्यावर काहीतरी छापलं की तिला छापील किंमत येते. हजारी मजुरी आणि छापील किंमत यांत जे अंतर आहे, ते नावाचं अंतर आहे. नाव उभं करणं हा धंद्यावरचा साज आहे, थोडे पैसे साचले की बघू, असं मानणाऱ्या प्रत्येक लहान उद्योजकाला मला हे अंतर दाखवावंसं वाटतं. नाव नंतरचं काम नाही. ज्याच्याकडे नाव नाही, तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावासाठी राबतो. आपल्याकडे सोलापूर आणि सिन्नरच्या विडी कामगार बायकांना हे कुणी शिकवावं लागलेलं नाही. त्यांचीही मजुरी हजारावरच मोजली जाते आणि बंडलावरचं लेबल कारखानदाराचं असतं.

रंगारावांनी काय केलं, तर सुगंध आपला ठेवला आणि पुडक्यावर सायकल छापली.

सायकलच का? कारण ती सगळ्यांना ओळखू येते. हे कारण साधं वाटेल, पण १९४८ चा काळ डोळ्यांसमोर आणा. पुढे तीनच वर्षांनी झालेल्या १९५१ च्या जनगणनेत देशातलं साक्षरतेचं प्रमाण १८.३३ टक्के निघालं. म्हणजे पाचांतल्या चारांहून जास्त माणसांना पुडक्यावरचं अक्षर वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं त्यांतही कन्नड वाचणारा तमिळ वाचेलच असं नाही, तेलुगू वाचणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. दुकानात येणारी बाई मात्र बोट दाखवून ‘ते सायकलवालं द्या’ म्हणू शकत होती, म्हैसुरात, मदुराईत आणि मिरजेतही. आणखी एक गोष्ट. टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ ची, सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. म्हणजे आपण ज्यांना सायकलीचे मोठे कारखाने म्हणून ओळखतो, त्यांच्याही आधीची ही सायकल अगरबत्तीच्या पुडक्यावर आहे. त्या दिवसांत सायकल ही गावाच्या रस्त्यावर रोज दिसणारी आणि बहुतेकांना हवीशी वाटणारी वस्तू होती. ओळखीची आणि थोड्या अपूर्वाईची अशी दुहेरी वस्तू रंगारावांनी उचलली.

या निवडीला जाहिरातीचा एक पैसाही लागला नाही.

असं करणारे ते एकटे नव्हते. गिरगावात १९३१ मध्ये दिगंबर दांडेकर आणि त्यांच्या भावानं शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, ती घोडा छाप नावानं. पुढे फाउंटन पेनच्या शाईच्या बाटलीवर उंट आला आणि त्या उंटाच्या इंग्रजी नावाला शाईचा इंग्रजी शब्द जोडून कॅम्लिन हे नाव तयार झालं. शाळेत कंपासपेटी नेलेल्या मराठी माणसाला त्या उंटाची ओळख करून द्यावी लागत नाही. घोड्याचा शाईशी काही संबंध नाही, उंटाचाही नाही, आणि सायकलीचा अगरबत्तीशी तर मुळीच नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, ही चिन्हं टिकली.

यामागे कायद्याचंही पाठबळ आहे आणि कमी पैशांत धंदा करणाऱ्यानं ते आधी समजून घ्यायला हवं. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं नववं कलम असं सांगतं की ज्या शब्दांतून मालाचा प्रकार, गुण किंवा तो कुठून आला तेवढंच कळतं, त्यांची नोंदणी एरवी मिळत नाही. उद्या बोगादीतल्या एखाद्या बाईनं ‘म्हैसूर घरगुती चटणीपूड’ असं नाव ठेवलं, तर त्यातला एकही शब्द तिचा एकटीचा होणार नाही. म्हैसूर सगळ्यांचं, घरगुती सगळ्यांचं, चटणीपूडही सगळ्यांची. शेजारची बाई तेच नाव घेऊन बसली तर तिला अडवता येणार नाही. याउलट मालाशी संबंध नसलेलं नाव आणि चित्र घेतलं, तर ते सहज तिचं होतं आणि तिचंच राहतं. मालाचं वर्णन करणारं नाव पहिल्या दिवशी सोपं वाटतं, कारण समजावून सांगावं लागत नाही. मालाशी संबंध नसलेलं नाव पहिलं वर्षभर सांगत बसावं लागतं, पण नंतर दर वर्षी ते आपली कमाई वाढवत जातं. आपल्या गावोगावच्या ‘श्री गणेश’, ‘साई’, ‘अन्नपूर्णा’ या पाट्या मी श्रद्धेनंच वाचते. पण त्या नावांखाली कष्ट करणाऱ्यांनी उभी केलेली पत शेवटी कुणाच्या एकाच्या नावावर जमा होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सायकलच्या पुढच्या वाटचालीतली दुसरी गोष्ट मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. ती म्हणजे सुगंध. वास कसा तयार करायचा, हे ज्ञान कुटुंबानं बाहेर दिलं नाही. ते घरातच शिकलं आणि शिकवलं गेलं. रंगारावांनंतर मुलं आणि मग नातवंडं धंद्यात आली, आणि आज तिसरी पिढी तो चालवते. माल साठाहून अधिक देशांत जातो. एका पुडक्यात तीन वास देणारं ‘थ्री इन वन’ त्यांच्या गाजलेल्या मालांपैकी एक. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं, तर गेल्या महिन्यात आणलेल्या पुडक्याचा वास या महिन्यातही तोच येतो, एवढंच त्याला हवं असतं. देवघरात वासाची सवय लागते. सवय मोडली की गिऱ्हाईक जातं. चित्रामुळे बाईचं बोट पुडक्याकडे जातं, पण दुसऱ्यांदा ते तिकडेच वळतं त्याला कारण वास.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण अर्थातच लिज्जत पापड. ते इतकं सांगितलं गेलंय की त्यातले बारकावे झाकले गेलेत. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. थोडक्या भांडवलात पहिली मोठी खरेदी कशाची असावी, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. त्यांनी फलक रंगवून घेतला नाही, पत्रकं वाटली नाहीत. माल बारा महिने मिळेल याची सोय केली. ज्या पापडाला चार महिने बाजारात जागा नाही, त्याचं नाव आठव्या महिन्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहणार?

दुसरा बारकावा याहून बोलका आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ज्यांच्याकडून पैसे आणले होते त्या छगनलाल करमशी पारेख यांनी, म्हणजे छगनबापांनी, त्यांना एकच प्रत ठेवायला सांगितलं. प्रतीत तडजोड नको आणि हिशेब चोख हवा, हा त्यांचा आग्रह होता. अडचणीतल्या प्रत्येक लहान उद्योगाला हा मोह पडतो: थोडं हलकं, थोडं स्वस्त असं एक काढू, गिऱ्हाईक वाढेल. वाढतंही. पण त्याच नावाखाली हलका माल खाल्लेला माणूस चांगल्या मालाचीही पारख त्यावरूनच करतो. ज्या बायकांना रोजची कमाई दुसऱ्या दिवशीच्या उडदाच्या पिठात घालायची होती, त्यांनी स्वस्त पापड बंद केला, हा त्यांच्या हिमतीचा भाग आहे.

आणि ‘लिज्जत’ हे नाव? ते १९६२ मध्ये आलं, म्हणजे तीन वर्षांनी. संस्थेनं त्यासाठी स्पर्धा ठेवली होती. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं नाव निवडलं गेलं आणि बक्षीस होतं पाच रुपये.

पाच रुपये. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण हजारी मजुरीचा प्रश्न लिज्जतनं ज्या प्रकारे सोडवला, तो अगरबत्तीच्या आणि विडीच्या धंद्याला सोडवता आलेला नाही. लिज्जतची बाईही घरीच लाटते. तिलाही लाटण्याचे पैसे मापानंच मिळतात. पण ती संस्थेची भागीदार आहे, तिला ‘बहीण’ म्हणतात आणि नफ्यात तिचा वाटा आहे. नाव सगळ्यांचं मिळून आहे. आज सुमारे ४५ हजार बायका त्या नावाच्या मालकीण आहेत. २०२१ मध्ये त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली. थोडक्या पैशांत नाव कसं उभं करावं, हा प्रश्न विचारताना नाव कुणाच्या मालकीचं, हा दुसरा प्रश्न त्याला चिकटूनच येतो आणि तो टाळून लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही.

म्हैसूरच्याच नावाचं, पण याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं एक उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात चंदनाचं लाकूड युरोपला पाठवणं थांबलं, तेव्हा म्हैसूर संस्थानानं १९१६ मध्ये चंदनाचं तेल काढायला सुरुवात केली आणि त्यातून १९१८ च्या सुमारास म्हैसूर सँडल साबण आला. मागे नाल्वडी कृष्णराज वाडियार यांचं राज्य होतं, विश्वेश्वरय्यांची दृष्टी होती. साबणाचं शास्त्र शिकायला एस. जी. शास्त्री यांना लंडनला पाठवलं गेलं. दागिन्यांच्या डबीसारखा खोका, त्यावर हत्तीचं डोकं आणि सिंहाचं शरीर असलेला शरभ. त्या साबणाच्या प्रसारासाठी कराचीत उंटांची मिरवणूकही निघाली. २०२५ मध्ये याच साबणासाठी सरकारी कंपनीनं तमन्ना भाटिया यांच्याशी दोन वर्षांसाठी ६ कोटी २० लाखांचा करार केला, तेव्हा कर्नाटकात मोठा वाद झाला. तो वाद मुख्यतः कन्नड अभिनेत्री का नाही, याचा होता. या साबणामागे पहिल्या दिवसापासून राज्य होतं, सायकल छाप अगरबत्तीमागे ते नव्हतं. तरी दोन्हींत एक गोष्ट सारखी: शरभ तोच राहिला, सायकलही तीच राहिली. शंभर वर्षांत खोक्याचं चिन्ह बदलावंसं वाटणारे अनेक अधिकारी होऊन गेले असतील. त्यांनी ते बदललं नाही, हे मला त्या कोटींच्या करारापेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडे दर दिवाळीला नवं लेबल, नवा रंग, नवा लोगो करून घेणारे लहान उद्योग मी पाहते. प्रत्येक बदलाला पैसे जातातच, शिवाय गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाची ओळखही जाते.

आता बोगादीतली ती बाई. समजा, तिच्याकडे २५ हजार रुपये आहेत आणि तिला चटणीपूड विकायची आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडची लहान उद्योगाची नोंदणी शंभर रुपयांच्या घरातली. उद्यम नोंदणी २०२० पासून आहे आणि ती फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारा दलाल भेटला तर त्याला परत पाठवावं. व्यापारचिन्हाचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीसाठी आणि लहान उद्योगासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये. मोठ्या कंपनीला तोच अर्ज ९,००० रुपयांना पडतो. म्हणजे इथे सरकारनं खरोखर लहानाला झुकतं माप दिलंय. मसाले आणि चटण्या तिसाव्या वर्गात येतात. अर्जाआधी व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर तेच किंवा तसंच नाव कुणाचं आहे का, हे फुकट शोधता येतं आणि हा शोध कुणीही टाळू नये. नाव रुजल्यावर नोटीस येण्यापेक्षा एक संध्याकाळ शोधण्यात गेलेली बरी.

उरले वीस हजार. यातला मोठा वाटा छपाईच्या पाउचवर घालवण्याचा मोह होईल. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि पाउचही एकदम मोठ्या संख्येनं घ्यावे लागतात. चार रंगांच्या हौसेपायी भांडवल गोदामात अडकतं, आणि मजकुरात एक चूक निघाली तर सगळे पाउच वाया. त्यापेक्षा साधा पाउच आणि एका रंगात छापलेला स्टिकर. एकच रंग, एकच चित्र, दुरूनही ओळखू येईल असं. सायकलवाल्यांचं हेच तर तत्त्व. स्टिकरवर कायद्यानं मागितलेली सगळी माहिती मात्र हवी: निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण. पुष्कळ घरगुती माल यातल्या निम्म्या गोष्टींशिवाय विकला जातो. खरं तर हीच माहिती अनोळखी गिऱ्हाइकाला धीर देते. पूड किती दिवस टिकते, हे अंदाजानं लिहू नये. म्हैसूरमध्येच १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. म्हशीच्या दुधापासून बाळांचा आहार करण्याचं तिथलं तंत्र पुढे अमूलनं वापरलं. खाद्यपदार्थांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणं लहान उद्योगालाही परवडतं, आणि वीस हजारांतला एक हिस्सा त्यासाठी ठेवावा, असं मी आग्रहानं म्हणेन.

पाटीचं काय? कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. महाराष्ट्रात मराठी पाट्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ते आपल्याला आठवतंच. ज्याच्याकडे चांगलं चित्र आहे, त्याला या नियमांची भीती नसते. अक्षरं कन्नड असोत वा देवनागरी, चित्र तेच राहतं. व्हॉट्सॲपवरची व्यवसायाची सोय फुकट आहे, गुगलच्या नकाशावर नाव घालणंही फुकट आहे. तिथेही तेच चित्र, तोच रंग लावावा. आणि त्याच मापात, त्याच तिखटपणात पूड दर महिन्याला करत राहावं.

‘म्हैसूर’ हे नाव मात्र कुणा एकाचं होत नसलं, तरी एका वाटेनं लहान माणसाला ते मिळू शकतं. म्हैसूर अगरबत्ती, म्हैसूर रेशीम, म्हैसूर मल्लिगे, नंजनगूडची केळी यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्या त्या मालाचा खरा उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो. हे नोंदणी शुल्क २०२० च्या सुधारणेत पाचशेवरून दहा रुपयांवर आणलं गेलं. आपल्याकडे कोल्हापुरी चप्पल, पैठणी, सोलापुरी चादर, नाशिकची द्राक्षं यांनाही हाच नियम लागू आहे. अगरबत्ती वळणाऱ्या किंवा पैठणी विणणाऱ्या बाईकडे स्वतःचं चिन्ह उभं करायला भांडवल नसेल, तर दहा रुपयांत एवढं मोठं सामायिक नाव वापरण्याचा हक्क तिला मिळतो. लिज्जतच्या बहिणींनी स्वतः जे उभारलं, त्याच्या जवळ जाणारी ही सरकारी वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट. व्यापारचिन्हाचा अर्ज ‘टीएम-ए’ नावाच्या नमुन्यावर भरतात. नोंदणी दहा वर्षांसाठी असते, शुल्क भरून पुन्हा पुन्हा वाढवता येते, आणि हे चिन्ह जमिनीसारखंच विकता येतं, वारसाला देता येतं. चटणीपूड बाई कुटते, गिऱ्हाईक तिनं जोडलेलं असतं, पण अर्ज भरायला कुणीतरी पुरुष जातो आणि अर्जदार म्हणून सवयीनं स्वतःचं नाव लिहून येतो. बोगादीत असो वा बारामतीत, त्या रकान्यात पूड कुटणारीचंच नाव लिहा.